आमच्या घरचा लाल दिवा

आमचे घर वाडीच्या टोकाला, ओढ्याकाठी खोलगट जागेत आहे. तिथे मोबाइलला रेंज येत नाही. म्हणून अण्णांनी मागल्या दिवाळीत वायफाय घेतले. त्याच्या पेटीला राउटर म्हणतात. पेटी बसवायला आलेल्या दादांजवळ मी शेवटपर्यंत बसून होते. आई म्हणाली, "अगं, त्यांना काम करू दे की!" पण दादा रागावले नाहीत. त्यांनी मला एकेका दिव्याचा अर्थ सांगितला.

मुलांनो, वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ मोठ्या माणसांनाही हे ठाऊक नसते. इंटरनेट बाहेरून वायरीतून पेटीपर्यंत येते. पेटीपासून मोबाइलपर्यंत जाते ते वायफाय. टाकीत पाणीच नसेल तर नळ कितीही पिळा, काय उपयोग?

आधी आमचे वायफाय बिघडले. ओसरीवर मोबाइल छान चाले, पण ताई माजघरात अभ्यासाला बसली की व्हिडिओ अडून अडून चाले. पेटी ओसरीच्या देवळीत होती आणि मध्ये धान्याची पत्र्याची कोठी. वायफायच्या लहरी पत्र्यातून पार जात नाहीत. शिवाय आमच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. अण्णा पेटी मधल्या दारावर टांगू लागले, तर आजी म्हणाली, "देवाच्या फोटोपेक्षा उंच नको रे बाबा." म्हणून पेटी वीतभर खाली आली. तरी चालते. पेटीची दोन नावे दिसतात. ५ गिगाहर्ट्‌झचे जवळ जोरात चालते, पण भिंतीपलीकडे २.४ वालेच बरे.

उन्हाळ्यात ताईचा दहावीचा निकाल लागला. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले आहेत. फॉर्मचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी ६ पर्यंत. आणि दुपारी ३ वाजता नेट गेले! मोबाइलवर वायफायच्या रेघा पूर्ण, पण पान उघडेना. ताई रडकुंडीला आली. अण्णांनी पेटी बंद केली, अर्धा मिनिट थांबून चालू केली. काही नाही. काका सुई घेऊन आले आणि म्हणाले, "मागच्या भोकात टोचतो, म्हणजे सुधारंल."

मी म्हटले, "काका, टोचू नका! त्यानं पेटीतलं सगळं पुसलं जातं. लाल दिवा लागलाय बघा. म्हणजे वायरीतून उजेडच येत नाहीये. पेटीचा काही दोष नाही."

काका हसले. पण ताईने ऐकले. ती म्हणाली, "मग इथं बसून काय करायचं?" अण्णांनी तिला मोटारसायकलवर बसवले आणि दोघे माळावर गेले. तिथे मोबाइलला टॉवरची रेंज येते. फॉर्म भरून झाला तेव्हा ५ वाजून ४० मिनिटे झाली होती. तोवर आईने चहासुद्धा घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच दादा आले. त्यांनी वायरीच्या टोकाला एक लाल उजेडाची पेन लावली आणि आम्ही वायरीखालून चालत निघालो. लिंबाच्या झाडाजवळ काळे आवरण सोलले होते आणि तिथे लाल ठिपका चमकत होता! कडब्याच्या ट्रॉलीने वायर ओढली होती. आत तांब्याची तार नसते, केसासारखी बारीक काच असते. ती फार वाकली तरी उजेड बाहेर सांडतो, तुटली तर संपलेच. दादांनी एका छोट्या यंत्रात दोन्ही टोके वितळवून जोडली. "टोकात डोळा घालून बघू नको," असे ते मला म्हणाले, कारण नेहमीचा उजेड दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

काचेच्या अशा धाग्यांतून चित्र पाठवण्याचे संशोधन नरिंदरसिंग कपानी यांनी त्यांच्या गुरुजींबरोबर लंडनला केले. ते १९५४ साली छापून आले. कपानी आपल्या पंजाबातल्या मोग्याचे. म्हणजे शास्त्रज्ञांनाही गुरुजी असतात!

ताईला तालुक्याच्या कॉलेजात सायन्स मिळाले. अण्णांनी वायर उंच बांबूवर बांधली आहे. कडब्याची ट्रॉली दिसली की आजी अंगणातून ओरडते, "वायर सांभाळा रे!"