हलके आणि जड

परवा बाबांचा फोन आला. जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात लेसरने घडवलेल्या संमीलनाची बातमी सापडली होती. "तू पीएच.डी.ला हेच करत होतास ना रे?"

मी चाटच पडलो! ते काम अर्धवट सोडून मी नोकरी धरली, त्यानंतर आमच्यात हा विषय कधी निघालाच नव्हता. तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता आणि मी असा काही भडकलो होतो की पुढे वर्षभर आमचं बोलणं आईमार्फतच.

मग सांगायला बसलो. लेसरचा प्रकाश प्लाझ्मात शिरला की आधी तापतात ते इलेक्ट्रॉन. हायड्रोजनचं साधं केंद्रकसुद्धा त्यांच्या १८३६ पट जड. प्रकाशाच्या लहरी इलेक्ट्रॉनला झुलवतात, आयन मात्र जवळजवळ जागचे हलत नाहीत. झुलता इलेक्ट्रॉन आयनवर आपटला की त्या झुलण्याची उष्णता होते. तीच मग टकरांमधून, थोडी थोडी करत आयनांपर्यंत पोचते. पण इलेक्ट्रॉन जितका तापलेला, तितका तो आयनांच्या बाजूने सटकतो. घनता तीच ठेवून तापमान चौपट केलं, तर टकरा आठपटीने कमी!

बातमी होती ५ डिसेंबर २०२२ च्या प्रयोगाची. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेसर किरणांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत टाकली आणि संमीलनातून ३.१५ मिळाली. (लेसर चालवायला लागलेली वीज याहून कितीतरी जास्त, हेही सांगितलं.) अशा प्रयोगांत काही इलेक्ट्रॉन प्लाझ्मातल्या लाटांवर स्वार होऊन बाकीच्यांच्या फार पुढे पळतात. इंधन पुरतं दाबलं जाण्याआधीच ते त्याला तापवून ठेवतात, आणि तापलेलं इंधन दाबायला अवघड. म्हणजे उतावळ्यांमुळे सगळं फिसकटायची भीती!

बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे जडांनाही ऊब लागते. वेळ लागतो इतकंच."

"हो. आणि इलेक्ट्रॉनने जरा थंड व्हावं लागतं," मी म्हटलं.

पलीकडे दोघांनाही ऐकू येईल इतकी शांतता. मग बाबा हसले. बऱ्याच वर्षांनी.

असो. रविवारी नाशिकला जातोय. माझी जुनी वही बाबांनी जपून ठेवली आहे म्हणे.