आखितीचा मोगरा

फौजेत वाढदिवसाला फुलं पाठवण्याची व्यवस्था चोख आहे. पीस स्टेशनला असाल तर ॲडज्युटंटच्या टेबलाच्या काचेखाली सगळ्यांच्या वाढदिवसांची आणि लग्नाच्या वाढदिवसांची यादी असते. त्या तारखेला मेसचा माळी बागेतल्याच फुलांचा गुच्छ बांधतो, त्यावर सीओंचं कार्ड लागतं आणि सकाळी नऊच्या आत जिप्सी त्या क्वार्टरसमोर जाऊन उभी राहते. मी दोन वर्षं ॲडज्युटंट होतो. त्या काळात मी दुसऱ्यांच्या बायकांना जितकी फुलं पाठवली तितकी मला एकदाही पाठवली नाहीस, हे आमच्या घरी अजूनही दर वाढदिवसाला ऐकवलं जातं.

पण त्या यादीत कुणाचीही आई नसते. आई गावी असते. माझी वाईला आहे.

आईच्या वाढदिवसाची पहिली अडचण म्हणजे तारीख. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. त्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मली आहेत, कारण शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी तीच तारीख लिहून मोकळे व्हायचे. खरी आई जन्मली अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या बोलीत आखितीला. म्हणजे वाढदिवस दरवर्षी सरकतो. २०२३ साली तो २२ एप्रिलला होता, २०२४ साली १० मेला. आखितीलाच चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची सांगता होते. चैत्रातल्या तृतीयेपासून महिनाभर आळीत घरोघर बायकांची जा-ये असते. कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे आणि प्रत्येकीच्या केसांत मोगऱ्याचा गजरा. लहानपणी मला वाटायचं की हे सगळं आईच्या वाढदिवसासाठीच चाललंय.

बाबा २०२१ साली गेले. त्यानंतर आळीतल्या बायका आईला हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. कुणी वाईट वागलं असं मुळीच नाही. डाळ आणि पन्हं घरी पोचतं, झाकण घालून, नेमाने. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. त्या बोलावणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना तिने पाढे शिकवले आहेत. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसंच करावं असं परिपत्रक काढलं. आईने ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली होती. आमच्या घरी बांगड्या कुणी फोडल्या नव्हत्या. पण गजऱ्याचं तसं नसतं. तो कुणी ओढून काढत नाही, नुसता यायचा थांबतो.

२०२४ साली मी तवांग भागात होतो. तिथे फुलांशी माझा संबंध दोन प्रकारे येई. एक म्हणजे सेला खिंडीच्या अंगाने एप्रिल-मेमध्ये फुलणारा ऱ्होडोडेंड्रॉन. लाल, गुलाबी, पिवळट. बर्फ अजून कडेला पडलेलं असतं आणि झाडं पेटल्यासारखी दिसतात. दुसरा म्हणजे पुष्पचक्र. तवांगच्या युद्धस्मारकावर १९६२ साली त्या भागात कामी आलेल्या २४२० जणांची नावं आहेत. कोणी वरिष्ठ आले की तिथे पुष्पचक्र वाहिलं जातं. त्याचे झेंडू दहा हजार फुटांवर कुठे मिळणार? ते खालून, तेजपूरहून, तीनशेहून अधिक किलोमीटर गाडीत बसून येत. त्याच वर्षी ९ मार्चला सेला बोगदा खुला झाला होता, त्यामुळे बर्फात अडकून राहायची भीती कमी झाली होती. तरी एकदा झेंडू आदल्या दिवशी पोचला नाही तेव्हा सुभेदार मेजर साहेबांनी ऱ्होडोडेंड्रॉनच्या फांद्या वळवून पुष्पचक्र उभं केलं, आणि ते त्या वर्षातलं सगळ्यात देखणं होतं असं माझं मत आहे.

हे सांगायचं कारण, वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी वाहिलेली बरीचशी फुलं ज्यांना वाहिली त्यांना दिसली नाहीत. आई सत्तरीची होत होती. तिला दिसतील अशी पाठवायची होती.

आधी सरळ मार्ग पाहिला. फुलं घरपोच देणाऱ्या एका संकेतस्थळावर वाईचा पिनकोड टाकला. ‘या भागात सेवा उपलब्ध नाही.’ दुसऱ्याने होकार दिला, पण त्याच्याकडे होते बारा डच गुलाब, जिलेटीनच्या कागदात, सोबत टेडी बेअर. सत्तरीच्या मुख्याध्यापिकेला टेडी बेअर! शिवाय मला गुलाब नको होते. मोगरा हवा होता, आणि मोगरा कुणी कुरिअरने पाठवू शकत नाही. तो कळी असताना, उमलायच्या आधी खुडतात. त्याच दिवशी ववतात, ओल्या फडक्यात नाहीतर पानात गुंडाळून ठेवतात, संध्याकाळी तो उमलायला लागतो आणि रात्र संपता संपता त्याचंही संपतं. त्याचा सगळा हिशेब एका रात्रीचा. म्हणजे जिथे माळायचा तिथेच, त्याच दिवशी, कुणीतरी हाताने नेऊन द्यायला हवा.

वाईत माझा एक वर्गमित्र आहे, त्याचं औषधांचं दुकान आहे. त्याने घाटावर ढोल्या गणपतीच्या बाजूला बसणाऱ्या फुलवाल्या मावशींचा नंबर दिला. आदल्या संध्याकाळी नेटवर्क मिळालं तसा लावला.

“मावशी, मी बाईंचा मुलगा बोलतोय.”

“मिल्ट्रीतलं? बोला की. बाईस्नी बरं हाय न्हवं?”

“बरं आहे. उद्या त्यांचा वाढदिवस आहे. घरी मोगऱ्याचे दहा गजरे पोचवाल का?”

“देवाला व्हय?”

“नाही. आईला.”

पलीकडून काहीच येईना. मला वाटलं लाईन गेली. तिकडे ती पाच मिनिटांत तीनदा जायची.

“दादा,” त्या म्हणाल्या, “उद्या आखिती. आळीत घराघरात हळदीकुंकू. त्यात मी बाईंच्या दारात गजरं घिऊन उभी ऱ्हायली तर लोक मला बोलतील, त्याचं काय न्हाई. बाईस्नी कसं वाटंल?”

प्रश्न बरोबर होता. कुठल्याही संकेतस्थळाने तो विचारला नसता. मी म्हटलं, “घालायचा की देवाला वाहायचा की माठात टाकायचा, ते आई ठरवेल. मी फक्त पाठवतोय.”

“मी धा वरसं झाली ववते,” मावशी म्हणाल्या. “मालक गेल्यापास्नं. रोजचं शंभरभर तरी. घालत न्हाई कधी.” मग जरा थांबून, “सांच्याला जाते. दिवं लागल्यावर.”

पैसे मी फोनवरूनच पाठवले. आखितीला मोगरा महाग असतो म्हणून जरा जास्तच.

दोन दिवसांनी आईशी बोलणं झालं. मावशी दिवेलागणीला आल्या होत्या. पुढच्या दाराने. लोक बोलतील म्हणणारी बाई परसदाराने आली नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. आईने दोन गजरे देवाला वाहिले, एक बाबांच्या तसबिरीला घातला, दोन उसवून कळ्या माठात टाकल्या. तीन शेजारच्या लेकी-सुनांना दिले. राहिलेल्या दोनपैकी एक मावशींच्या हातावर ठेवला.

“आणि दहावा?” मी विचारलं.

“आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो बराच वेळ,” आई म्हणाली. “तिचे पाय दुखतात रे फार. दिवसभर दगडावर बसायचं म्हणजे काय.” मग, “उशाशी ठेवला होता. रात्रभर वास येत होता. पुढच्या वर्षी दहा नको, तीन पुरे.”

केसांत घातला का, ते मी विचारलं नाही. फौजेत शिकलेल्या गोष्टींपैकी ही एक उपयोगी पडते: रिपोर्टमध्ये जे नाही ते खोदून काढायचं नसतं.

२०२५ साली आखिती ३० एप्रिलला आली. २२ तारखेला पहलगाम झालं होतं. मी तोवर तवांगहून हललो होतो. कुठे, हे लिहिण्याचं कारण नाही. फोन होत नव्हता, एवढं पुरे. ज्यांची मुलं, भाऊ, नवरे फौजेत आहेत त्यांना ते आठवडे कसे गेले हे सांगायला नको, आणि ज्यांची नाहीत त्यांना सांगून कळेल असं वाटत नाही. आईकडे टीव्ही आहे. तो तिने बंद ठेवला होता असं शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. मुख्याध्यापिका असताना शिपायाला जसं ती कपाटाची किल्ली द्यायची नाही, तसा रिमोट तिने कपाटात ठेवला होता.

१० मेनंतर चार-पाच दिवसांनी फोन लागला. बोलता बोलता आई म्हणाली, “मोगरा मिळाला हो. तीनच पाठवलेस ते बरं केलंस.”

मी काही पाठवलं नव्हतं. आखितीच्या दिवशी मला तिथीही ठाऊक नव्हती. मी हो म्हटलं.

“ती म्हणाली, साहेबांचा फोन आला होता, खुशाल आहेत, आवाज एकदम चांगला होता. म्हटलं, चला. त्या रात्री झोप लागली जरा.”

आईला खरं काय ते माहीत होतं का? बेचाळीस मुलांच्या वर्गात कुणी गृहपाठ दुसऱ्याच्या वहीतून उतरवलाय हे नुसतं तोंड बघून ओळखणारी बाई आहे ती. पण मी विचारलं नाही आणि तिनेही विषय वाढवला नाही.

त्याच दिवशी मावशींना फोन केला. म्हटलं, पैसे किती झाले, पाठवतो.

“कशाचं? गेल्या साली जास्तीचं दिल्यालं की तुमी. त्यात फिटलं.” मागे घाटावर कपडे आपटल्याचा आवाज येत होता. “फुडच्या आखितीला सोता या. आन् जरा जोरात बोला, ऐकू येत न्हाई मला हल्ली.”