पाळी गेल्यानंतरचं बोलणं

आपल्या घरात 'पाळी गेली' एवढं म्हणतात आणि विषय संपतो. पुस्तकातला शब्द रजोनिवृत्ती; पण तो घेऊन स्वयंपाकघरात कोण बोलतं? मध्यरात्री अंगातून वाफा निघतात, झोप उडते, उगीचच चिडचिड होते... बाईने सोसायचं. आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. मीही त्याच उंबरठ्यावर आहे. ऑफिसात पंख्याखाली बसून पदराने घाम पुसते, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई समजून हसतात.

पण मंडळी, हाच घाम एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला आला तर?

भाचा इंदूरच्या आयआयटीत शिकतो. ती शहरात नाही, खंडवा रस्त्यावरच्या सिमरोलला आहे. मागे त्याला भेटायला गेले, तेव्हा तिथे एका ओळखीच्या घरी एक मराठी बाई भेटली. तीही माझ्यासारखीच पाहुणी. होळकरांच्या काळापासून त्या भागात मराठी माणूस आहे, त्यामुळे सूर लगेच जुळले. तिने लिहायला होकार दिलाय. नाव-गाव मात्र विचारू नका.

"ताई, रात्री चादर भिजायची. वाटलं, टीबीच झाला," ती म्हणाली.

भीती खुळी नव्हती. एचआयव्ही असलेल्यांना टीबीचा धोका जास्त. खोकला, ताप, घटलेलं वजन आणि रात्रीचा घाम ही लक्षणं म्हणूनच वरचेवर विचारली जातात. तिची तपासणी झाली, टीबी निघाला नाही. मग घाम कशाचा? ते कोणी विचारलं नाही. पाळी थांबून वर्ष होत आलं होतं, हे तिनेही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट तिने आवाज उतरवून सांगितली. नवऱ्याजवळ जाणं नको झालं होतं, कारण दुखायचं. त्याला वाटलं, हिचं मन उडालं. "कंडोम वापरता का, हे दरवेळी विचारतात. दुखतं का, हे कोणी विचारत नाही. आणि आपण होऊन सांगायची शरम वाटते."

खरं तर यात गूढ काही नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे दुखतं. त्यावर पाण्याचा अंश असलेलं वंगण मिळतं. (तेल किंवा व्हॅसलीन नको, त्याने कंडोम फाटतो.) डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलमही असतं. पोटात घ्यायची हार्मोन्स हवी असतील तर आपल्या एचआयव्हीच्या गोळ्या कोणत्या, हे आधी सांगायला हवं. इफाव्हिरेन्झसारख्या औषधाने हार्मोनचा परिणाम कमी होऊ शकतो. हाडांचंही विचारावं, कारण पाळी गेल्यावर ती ठिसूळ होतात आणि टेनोफोव्हिरच्या नेहमीच्या गोळीनेही थोडी झीज होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका या बायकांना सुमारे सहापट असतो. पाळी गेली म्हणून ती तपासणी थांबवायची नसते.

आणि एक. औषधं नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही. इतर गुप्तरोगांसाठी कंडोम आहेच. पण जवळ येण्याची धास्ती आयुष्यभर बाळगायचं कारण नाही.

आपल्या गोव्याला हे आठवायला हवं. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून इथे ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. त्याची आई लुसी कोर्टात गेली. तो १९९२ साली वारला. त्या काळी 'हा माणूस किती जगेल?' एवढाच प्रश्न असायचा. २००४ सालापासून सरकारी केंद्रांत मोफत औषधं मिळू लागली आणि तेव्हा पंचविशीत असलेल्या बायका आज चाळिशी ओलांडून गेल्या. औषधांनी त्यांना आयुष्य दिलं. आयुष्य आलं की वय येतं, पाळी जाते, आणि नवऱ्याची ओढही असते! आपण मात्र त्यांना अजून फक्त रोगी म्हणूनच बघतो.

२०१७ च्या कायद्याने तिची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे, ते योग्यच. पण गुप्तता म्हणजे तिने स्वतःही गप्प बसणं नव्हे. केंद्रावर डॉक्टरांनी 'पाळी कधी आली होती?' आणि 'जवळ येताना दुखतं का?' असे दोन प्रश्न विचारले, तर फार वेळ लागणार नाही. आणि त्यांनी नाही विचारलं, तर बायांनो, आपण सांगावं. चादर का भिजते, हे कळायचा हक्क तिलाही आहे.