डाव्या तळव्याखालची खोबण

टाच दुखावल्याने तिचं धावणं थांबलं आणि रिकाम्या सकाळी एकच प्रश्न मनात घोळू लागला: बुटात बसवायचा सेन्सर घ्यावा का?

2006 साली नाइकी आणि ॲपलने असा संच 29 डॉलरला आणला. डाव्या बुटात सुकतळ्याखाली एक खोबण, तिच्यात छोटासा लंबगोल सेन्सर. पाऊल जमिनीवर किती वेळ टेकतं, त्यावरून वेग आणि अंतर निघे आणि आयपॉडला कळे. बॅटरी मात्र बदलता येत नसे; ती संपली की सेन्सरच संपला. 2018 मध्ये तर नाइकीने त्यामागची सेवाही बंद केली. मग लोकांनी इतकी वर्षं जपलेल्या धावण्याच्या नोंदींचं काय झालं असेल?

हे तिला टोचत राहतं.

जीपीएसचं घड्याळ मनगटावर असेल, तर उघड्या रस्त्यावर वेगळ्या सेन्सरवाचून फारसं अडत नाही. ट्रेडमिलवर, बोगद्यात, उंच इमारतींमध्ये मात्र तो खरा उपयोगी, कारण तिथे उपग्रहाचे संकेत अडतात किंवा भरकटतात. लेसला अडकवायचा स्ट्राइड नावाचा सेन्सर तर वॉटमध्ये शक्तीचा अंदाजही देतो. चढावर दम राखायला ते कामाचं.

पण टाच कुरकुरायला लागली, हे कोणता आकडा आधी सांगणार? तूर्त तिने सेन्सरचे पैसे नव्या बुटांसाठी बाजूला ठेवले आहेत.