पोटोबाची पाळी

माणूस मत पोटाला देतो की अस्मितेला, असा वाद निघाला की कुणीतरी ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणून मोकळं होतं. मला ते धड पटत नाही, खोडताही येत नाही.

वारकरी पेरणी उरकून वारीला निघतो, इथवर म्हण खरी. पण पाऊस लांबला, तर पेरणी घरच्यांवर टाकून निघणारेही असतातच. आणि पंढरीत पोचून करायचं काय, तर एकादशी! म्हणजे विठोबाच्या दारात पोटोबालाच बाहेर बसवायचं. त्यावर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून हसणारेही आपणच. त्यातही गंमत अशी, की उपवासाला चालणारा बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, सगळे मूळचे अमेरिका खंडातले, समुद्रव्यापारातून इथे आलेले. व्यापाऱ्याच्या गलबतातून उतरलेला माल सोवळ्यात कधी गेला, कुणाला कळलंही नसेल.

मुंबईच्या गिरणगावाचंही मला असंच कोडं पडतं. पगार-बोनससाठी लाल बावटा आणि मतासाठी शिवसेना, असे कामगार तिथे होते. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. परळच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी हरल्या, वामनराव महाडिकांच्या रूपाने सेनेचा पहिला आमदार निवडून आला. पोट हरलं, अस्मिता जिंकली म्हणावं, तर सेना वाढली ती मराठी पोरांच्या नोकऱ्यांवरच. आणि लाल बावटावाले तरी नुसते पोटाचे कुठे होते? संयुक्त महाराष्ट्रासाठी तेही डफ घेऊन उभे होतेच की.

१८ जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप फसला, घरंच्या घरं बसली. तरी १९८४ ला काँग्रेसची एवढी लाट असताना दक्षिण-मध्य मुंबईने संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवलं. ज्याच्या मागे जाऊन भाकरी गेली, त्यालाच मत! हे पोटोबाचं म्हणू की विठोबाचं? मालकांवरचा राग म्हणावा, तर तो राग दोघांपैकी कुणाच्या खाती मांडू? आणि लगेच पुढच्या वर्षी मुंबई महापालिका शिवसेनेने जिंकली. वर्षभरात चाळींतली माणसं काही बदलली नव्हती.