बेणं पंजाबचं, जोखीम आपली

सातगाव पठारावर पहिला पाऊस झाला की एकच विषय असतो, बटाटा लागवड. आंबेगाव तालुक्यातल्या पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी या गावांचं खरिपाचं अर्थकारण त्यावरच चालतं. मदार सगळी पावसावर.

बातम्यांच्या निमित्ताने या भागात माझं वर्षानुवर्षं जाणं-येणं आहे. जुन्या पद्धतीने लागवड करणारे शेतकरी अजून आहेत. बेणं शीतगृहातून आणलं की लगेच मातीत घालत नाहीत. आठ-दहा दिवस सावलीत पसरून ठेवायचं, डोळे फुटू द्यायचे, नासके बटाटे वेचून काढायचे. वाफसा आला की पुढे बैलजोडी, मागे तासात वीतभर अंतरावर बटाटा ठेवणाऱ्या बाया. महिन्याभराने खुरपून मातीची भर द्यायची, नाहीतर उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो. तो खाण्याच्या कामाचा नाही.

रब्बीत बटाटा फोडी करून लावला तरी चालतो, फक्त प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे हवेत. खरिपात मात्र अख्खाच लावायचा. ओल्या जमिनीत फोड सडते.

खरी मेख इथेच आहे. अख्खं बेणं म्हणजे एकरी सहा ते आठ क्विंटल. म्हणजे पीक उगवायच्या आधीच शेतकऱ्याचा मोठा पैसा जमिनीत गेलेला असतो. हे बेणं येतं मुख्यतः पंजाबातून. तिथल्या थंडीत मावा कमी असतो, म्हणून विषाणूमुक्त बियाणं तयार करता येतं. आपल्याकडचं घरचं बेणं वर्षानुवर्षं वापरलं तर रोग साठत जातो आणि उतारा घटतो.

मग उगवण कमी झाली तर दाद कुठे मागायची? कित्येकांकडे पक्कं बिलच नसतं. पोत्यावर जात, वर्ष, उत्पादक यातलं काही छापलेलं नसतं. खाण्याचा बटाटा बेणं म्हणून गळ्यात मारला, हे सिद्ध कसं करणार? व्यापारी म्हणतो पाऊस जास्त झाला, अधिकारी म्हणतो कागद दाखवा. शेतकरी गप्प बसतो.

म्हणून माझी विनंती आहे. पक्कं बिल घ्या, पोत्याचं लेबल जपून ठेवा, पोतं फोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. उगवण झाली नाही तर रान मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

आणि पुढाऱ्यांनो, बटाट्याच्या भावावर तुम्ही दरवर्षी बोलता. एकदा बेण्यावरही बोला.