पेरजागडावर जायची तयारी

पेरजागड हा आमच्या नागभीड तालुक्यातील डोंगर आहे. आमच्याकडे त्याला सात बहिणींचा डोंगर म्हणतात. पेरजा नावाच्या गोंड सरदारावरून पेरजागड हे नाव पडले, असे सांगतात. त्याची एक बाजू भिंतीसारखी सरळ तुटलेली आहे. तो कडा फार लांबून दिसतो. आमच्या शेताच्या धुऱ्यावरून मला तो रोज दिसतो, पण मी वर कधी गेलो नाही. येत्या फेब्रुवारीत आमच्या वर्गाची सहल तिथे न्यायचे चालले आहे.

गुरुजी म्हणाले, "आधी फळ्यावर चढू, मग डोंगरावर." म्हणून आम्ही आठवडाभर फळ्यावरच डोंगर चढलो.

केव्हा जायचे? पावसाळ्यात दगड निसरडे होतात. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. म्हणून फेब्रुवारी बरा. मग गुरुजींनी विचारले, "सर्वांत आधी कोणती वेळ ठरवायची?" आम्ही सगळे ओरडलो, "चढायची!" ते म्हणाले, "नाही. उतरायची." बारा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचे. टोक राहिले तरी चालेल. मला ते आवडले नाही, पण वहीत लिहून घेतले.

दुसरी गोष्ट वाघाची. जवळच घोडाझरी अभयारण्य आहे. ते २०१८ साली झाले. पण वाघ काही त्याच्या हद्दीतच राहत नाही. म्हणून वनरक्षक काकांना विचारूनच जायचे. ते नाही म्हणाले तर जायचे नाही. पुढे आणि मागे मोठी माणसे, मध्ये आम्ही. बोलत, काठी आपटत चालायचे. कोणी एकट्याने झुडपाआड जायचे नाही.

तिसरी गोष्ट आग्या माश्यांची. त्यांची पोळी कड्याला असतात. त्या खवळल्या तर माणसाचा जीवही जाऊ शकतो. म्हणून धूर नको, अत्तर नको, वासाचे तेल नको, दगड मारणे नको आणि आरडाओरड नको.

इथे आम्ही अडलो. वाघासाठी आवाज करायचा आणि माश्यांसाठी गप्प राहायचे, हे कसे जमणार? गुरुजींनी फळ्यावरच्या डोंगराला लाल खडूने रेघ मारली. रेघेच्या खाली जंगल, तिथे आवाज. रेघेच्या वर कडा, तिथे चिडीचूप.

मग आम्ही यादी केली. पाण्याच्या दोन बाटल्या, डबा, गूळ-फुटाणे, बूट, काठी, दुपट्टा, शिट्टी, असे अकरा जिनसा झाले. मी ती घरी मोठ्याने वाचली. आजी हसली. माय म्हणाली, "एका दिवसासाठी एवढं सामान! मी तं मोहाच्या दिवसात रोजच जंगलात जातो."

मी तिच्या सामानाची यादी केली. तिच्यात एकच जिन्नस होता, टोपली.

मोहफूल रात्री गळते. म्हणून माय अंधारातच जाते आणि एकटीच वाकून फुले वेचते. वनरक्षक काका शाळेत आले होते तेव्हा म्हणाले होते की, वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा वाटू शकतो. ते आठवले आणि मला जेवण गेले नाही.

मी मायला म्हणालो, "तू उजाडल्यावर जात जा." ती म्हणाली, "तवापर्यंत गुरं मोह खाऊन टाकतेत. मंग तुह्या वह्या कुठून येतीन?" मला उत्तर आले नाही. पण मी पुन्हा पुन्हा म्हणालो. शेवटी ठरले की शेजारच्या काकू आणि आणखी दोघी, अशा चौघींनी मिळून जायचे. एकीने काठी घेऊन उभे राहायचे, बाकीच्यांनी वेचायचे. सहलीहून आल्यावर माझी शिट्टी मायच्या टोपलीत जाईल. उजाडल्यावर जायचे का, यावर ती म्हणाली, "पाहू."

आमची यादी या भित्तिपत्रकाशेजारीच लावली आहे. पालकांनी ती वाचावी आणि मोह, तेंदूपाने आणायला जाणाऱ्यांनी घरी उतरवून न्यावी. आमची सहल एकच दिवस आहे. त्यांचे जंगल रोजचे आहे.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी